मुलीचा वाटा : सदतीस शब्दांच्या एका कायद्याची गोष्ट

घरात वाटणीची गोष्ट निघाली की पहिली चर्चा होते ती बांधाची, विहिरीची आणि पाण्याच्या पाळीची. लेकीच्या हिश्श्याचं नाव बहुधा शेवटी निघतं, आणि तेही हक्कसोडपत्रावर तिची सही घेण्यापुरतं. निदान तिथं सही तरी लागते. शिक्षणातला आणि मैदानावरचा तिचा वाटा मात्र सहीशिवायच सुटतो. ‘वकील होऊन काय करायचंय? उद्या लग्न होऊन जाईल.’ ‘मुलीच्या जातीनं मैदानात पळायचं का?’ ओसरीवर एवढी दोन वाक्यं बोलली, की व्यवहार पुरा.

वाचकहो, तुम्हाला वाटेल, ही आपल्याकडचीच रीत; अमेरिकेसारख्या पुढारलेल्या देशात बायकांना हे सारं आधीपासूनच मिळालं असेल. तसं मुळीच नाही. तिथंही हीच दोन वाक्यं शंभर वर्षं ऐकू येत होती. फरक एवढाच, की ओसरीवर नव्हे, तर कॉलेजात आणि कोर्टात. ती कशी थांबली आणि कुठं अजून थांबायची आहेत, ते आपण पाहू.

सनद मिळेना

शिकागोच्या मायरा ब्रॅडवेल बाई कायद्याचं साप्ताहिक चालवत. १८६९ साली त्यांनी वकिलीची परीक्षा दिली, पासही झाल्या. तरी सनद मिळाली नाही. कारण काय, तर त्या बाई, आणि त्यातून लग्न झालेल्या. त्या थेट देशाच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्या. १८७३ साली कोर्टानं त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. एका न्यायाधीशांनी तर लिहून ठेवलं, की बाईचं खरं काम पत्नी आणि आई होण्याचं. ती देवाचीच योजना आहे.

याच सुमाराची एक गोष्ट आपल्या नाशिकचीही आहे. १८६६ साली नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या आणि विलायतेला ऑक्सफर्डला गेल्या. १८९२ साली त्यांनी कायद्याची परीक्षा दिली. पण बायकांना पदवी द्यायची नाही असा तिथला नियम! ती पदवी हातात पडायला १९२२ साल उजाडलं. आपल्या देशात बायकांना वकिलीची वाट मोकळी करणारा कायदा आला तो १९२३ साली. दरम्यान सोराबजी बाईंनी बंगालमध्ये पडद्यातल्या बायकांची इस्टतीची कामं पाहिली. या बायकांच्या नावावर मोठाल्या जमिनी होत्या, पण परक्या पुरुषासमोर बसून त्या आपली तक्रार सांगू शकत नव्हत्या. बाई वकील का हवी, याचं उत्तर यातच आलं.

पुढची ऐंशी वर्षं दार किलकिलं झालं, उघडलं नाही. सँड्रा डे ओकॉनर ही ॲरिझोनातल्या एका गुराख्याची, म्हणजे हजारो एकरांच्या कोरड्या माळावर गुरं पाळणाऱ्या घरची मुलगी. घोड्यावर बसायला आणि गाडी हाकायला ती लहानपणीच शिकली होती. १९५२ साली स्टॅनफर्डहून वरच्या नंबरात कायद्याची परीक्षा पास झाली. वकिलांच्या पेढ्यांकडे अर्ज केले, तर एका पेढीनं टायपिंगचं काम देऊ केलं. शेवटी सरकारी वकिलाच्या कचेरीत तिनं सुरुवातीला बिनपगारी काम धरलं. १९५६ साली हार्वर्डच्या लॉ कॉलेजात रूथ बेडर गिन्सबर्ग दाखल झाल्या. वर्गात सुमारे पाचशे मुलगे आणि मुली फक्त नऊ. कॉलेजच्या प्रमुखांनी त्या मुलींना जेवायला बोलावलं आणि एकेकीला विचारलं, ‘एखाद्या मुलाला मिळाली असती ती जागा तुम्ही का अडवलीत?’ पुढं त्या दुसऱ्या कॉलेजातून पहिल्या नंबरात आल्या, तरी न्यूयॉर्कच्या एकाही पेढीनं त्यांना कामावर घेतलं नाही.

याच दोघी पुढं देशाच्या सुप्रीम कोर्टात न्यायाधीश झाल्या. ओकॉनर १९८१ साली, गिन्सबर्ग १९९३ साली. पण वाट रुंद झाली ती त्यांच्या एकट्यांच्या हुशारीवर नव्हे. त्यासाठी कायदा लागला.

ऊसमळ्यातली नात

हवाई बेटांवर उसाचे मोठमोठे मळे होते. त्या मळ्यांत राबायला जपानहून मजूर आले. अशाच एका घराण्यातली नात म्हणजे पॅट्सी मिंक, जन्म १९२७ चा. तिला डॉक्टर व्हायचं होतं. वैद्यकीच्या एकाही कॉलेजानं घेतलं नाही. मग ती कायद्याकडे वळली आणि १९५१ साली शिकागोहून वकील होऊन बाहेर पडली. घरी परतली तर तिथलं सरकार म्हणालं, ‘तुमचं लग्न परगावच्या माणसाशी झालं, आता तुम्ही इथल्या रहिवासी नाही, परीक्षेला बसता येणार नाही.’ तिनं तो नियमच खोटा पाडला आणि परीक्षा पास झाली. तरी लेकुरवाळ्या बाईला पेढीत घेणार कोण? शेवटी तिनं स्वतःच वकिलीची पाटी लावली. १९६४ साली ती अमेरिकेच्या संसदेवर निवडून गेली.

संसदेत ओरेगॉनच्या ईडिथ ग्रीन बाई शिक्षणातल्या या भेदाविरुद्ध खटपट करीतच होत्या. वरच्या सभागृहात त्यांना साथ मिळाली इंडियानाच्या बर्च बाय यांची. हे गृहस्थ शेतकी कॉलेजात शिकलेले, स्वतः शेती केलेले. त्यांच्या पत्नीला एका विद्यापीठानं ‘बायकांनी अर्ज करू नये’ असं तोंडावर सांगितलं होतं. तो सल त्यांच्या मनात होता.

या सगळ्यांच्या खटपटीतून २३ जून १९७२ रोजी ‘टायटल नाइन’ हा कायदा झाला. त्याचा मुख्य मजकूर इंग्रजीत अवघा सदतीस शब्दांचा. सार असं, की केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या शिक्षणाच्या कोणत्याही कामात कुणालाही केवळ स्त्री किंवा पुरुष म्हणून वगळता येणार नाही, डावलता येणार नाही. अनुदानावर चालणाऱ्या शाळा आपल्याला ठाऊक आहेत. अनुदानाची कळ दाबली की संस्था कशी जागी होते, हेही ठाऊक आहे. कायद्यानं नेमकी तीच कळ धरली. लॉ कॉलेजांना मुलींच्या जागा अडवून धरणं अवघड झालं.

आणि गंमत बघा, या सदतीस शब्दांत ‘खेळ’ हा शब्दच नाही! पण कॉलेजचं मैदान हेसुद्धा कॉलेजच्या पैशावरच चालतं. मग तिथंही वाटा द्यायलाच हवा, असं निघालं.

एका मताची गोष्ट

मैदानाचं नाव निघताच मात्र खरी ओरड सुरू झाली. अमेरिकेत कॉलेजचा फुटबॉल म्हणजे आपल्या जत्रेतल्या कुस्तीसारखा; गर्दी आणि पैसा दोन्ही तिथं. ‘कमाईचे खेळ या कायद्यातून वगळा’ अशी मागणी १९७४ सालीच आली. ती टिकली नाही. १९७५ च्या जुलैत कायद्याला कात्री लावणारी आणखी एक दुरुस्ती संसदेत आली. मतदान तोंडावर असताना मिंक बाईंना निरोप आला, की तुमच्या मुलीला मोटारीचा मोठा अपघात झालाय. त्या तशाच उठून मुलीकडे धावल्या. इकडे दुरुस्ती मंजूर झाली, ती अवघ्या एका मतानं. २१२ विरुद्ध २११! दोन दिवसांनी सभापतींनी सभागृहाला सारी हकीकत सांगितली, पुन्हा मतदान झालं आणि कायदा वाचला. मुलगीही वाचली. त्या क्षणी मिंक बाई आई म्हणून वागल्या, म्हणून त्यांना कुणी बोल लावला नाही. बाईनं घर की काम यातलं एकच धरावं, असं म्हणणाऱ्यांना या प्रसंगात उत्तर आहे.

कायदा वाचला, पण अंमल कुठं होता? येल हे अमेरिकेतलं नामांकित विद्यापीठ. तिथल्या मुली होड्या वल्हवण्याच्या शर्यतीत उतरत. थंडीच्या दिवसांत सराव झाला की मुलं नदीकाठच्या खोलीत गरम पाण्यानं अंघोळ करीत. मुलींसाठी तशी सोय नव्हती. त्या ओल्या कपड्यांनी बसमध्ये कुडकुडत मुलांची वाट बघत बसायच्या. अर्ज-विनंत्या झाल्या, उपयोग झाला नाही. ३ मार्च १९७६ रोजी एकोणीस जणी क्रिस अर्न्स्ट हिच्या पुढारपणाखाली क्रीडा विभागाच्या कचेरीत गेल्या. त्यांनी अंगावरचे कपडे उतरवले. उघड्या पाठीवर निळ्या शाईत त्या कायद्याचं नाव लिहिलेलं होतं. मग शांतपणे एक निवेदन वाचून दाखवलं, की ही शरीरं तुम्ही दुखण्याला लावत आहात. आपल्या रीतीला हे फार धीट वाटेल. पण थंडीत भिजून बसणाऱ्या लेकींची कणव कुणाला आली नसती, तर त्यांनी दुसरं काय करावं? बातमी देशभर गेली आणि पुढच्या वर्षी मुलींना सोय मिळाली.

आवड आधी, की संधी आधी?

आता या गोष्टीचे दोन्ही धागे एकत्र येतात ते पाहा. १९९१ साली ब्राउन विद्यापीठानं काटकसर म्हणून चार संघांचं अनुदान काढलं. दोन मुलांचे, दोन मुलींचे. वरवर पाहता वाटणी सारखी. पण हिशेब मांडला तर मुलींच्या वाट्याचे सुमारे ६२ हजार डॉलर कापले होते आणि मुलांचे १६ हजारांच्या आत. विद्यापीठात मुली शंभरात एक्कावन्न, पण खेळाडूंत अडतीसच.

मुलींनी १९९२ साली दावा लावला. त्यांच्या बाजूनं उभ्या राहिल्या लिनेट लॅबिंजर नावाच्या वकीलबाई. विद्यापीठाचं म्हणणं, ‘मुलींना खेळाची आवडच कमी, त्याला आम्ही काय करणार?’ अपील कोर्टानं हे मानलं नाही. आवड आणि कसब आपोआप येत नाहीत, संधी आणि सराव मिळाला तरच येतात, असा त्या निकालाचा मथितार्थ. शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. पाणी न देता ‘या वावरात पिकतच नाही’ म्हणणाऱ्याला आपण काय म्हणू? १९९७ साली सुप्रीम कोर्टानं विद्यापीठाचं अपील ऐकायला नकार दिला आणि पुढच्या वर्षी तडजोडीनं मुलींचा वाटा ठरवून दिला गेला. २०२० साली त्याच विद्यापीठानं पुन्हा काही संघ कमी केले, तेव्हा त्याच वकीलबाई पुन्हा कोर्टात उभ्या राहिल्या आणि मुलींचे दोन संघ परत आणले.

लॉ कॉलेजचं दार बायकांना उघडं झालं नसतं, तर मैदानावरच्या मुलींची बाजू मांडायला बाई आली कुठून असती? एका दारातून आत गेलेली दुसरं दार उघडायला उपयोगी पडते, ती अशी.

झालं किती, उरलं किती

१९७१-७२ साली अमेरिकेतल्या हायस्कुलांत खेळणाऱ्या मुली तीन लाखही नव्हत्या. मुलं होती छत्तीस लाखांवर. आता मुली चौतीस लाखांच्या घरात आहेत. कॉलेजच्या मैदानावर तेव्हा जेमतेम तीस हजार मुली होत्या, आता दोन लाखांवर. लॉ कॉलेजात १९७० च्या सुमारास शंभरात आठ-नऊ मुली असत. २०१६ साली त्या निम्म्याहून अधिक झाल्या आणि तेव्हापासून वाढतच आहेत.

पण सारं गोड झालं असं नाही. कायद्याआधी मुलींच्या संघांना शिकवणाऱ्या शंभरात नव्वदांवर बायकाच होत्या. संघांना पैसा आणि मान आला, तसे पुरुष त्या जागांवर आले. आता तिथं बायका निम्म्याही नाहीत. मोठ्या वकिली पेढ्यांतही कामाला बायका पुष्कळ, पण नफ्यात वाटा असलेल्या भागीदारांत त्या साधारण चौथ्या हिश्श्याच्या आसपासच. काही कॉलेजांनी मुलांचे कुस्तीचे संघ बंद केले आणि बोट या कायद्याकडे दाखवलं. कुस्तीच्या वस्तादांनी कोर्टात धाव घेतली, पण दावा टिकला नाही. आपल्याला कुस्तीचा जिव्हाळा, म्हणून त्या पोरांचं वाईट वाटतंच. मात्र शंभराच्या आसपास खेळाडू बाळगणाऱ्या फुटबॉलला हात न लावता गरीब कुस्तीवर कुऱ्हाड घालायची आणि दोष बहिणीच्या वाट्याला द्यायचा, हे न्यायाचं नव्हे.

तुमच्या घरचा हिशेब

या साऱ्यातून आपण एकच घ्यावं. वाटा मिळतो तो मोजल्यानं. ‘आमच्याकडे मुलगा-मुलगी सारखेच’ असं सगळेच म्हणतात. ब्राउन विद्यापीठही तेच म्हणत होतं. हिशेब मांडला तेव्हा खरं कळलं.

तेव्हा माय-बापहो, एका रविवारी वही घेऊन बसा. यंदा मुलाच्या फीवर, पुस्तकांवर, बुटांवर किती गेले आणि मुलीच्या किती, ते लिहा. शाळा सुटल्यावर तासभर मैदानावर कोण असतं आणि त्याच वेळी पाण्याला, चुलीला कोण असतं, तेही लिहा. शाळेच्या पालकसभेत विचारा, की खो-खो, कबड्डी, धावण्याच्या स्पर्धेला मुलांचा संघ जातो तसा मुलींचा जातो का, आणि त्यांच्यासोबत बाई शिक्षिका असते का, कपडे बदलायला खोली आहे का. बारावी झालेली मुलगी वकिलीचं नाव काढत असेल, तर ‘लग्न होऊन जाईल’ हे उत्तर देण्याआधी जरा थांबा. तालुक्याच्या कोर्टात सासरहून परत आलेली, सातबाऱ्यावर नाव लावून मागणारी एखादी बाई बाकावर बसलेली असते. तिला आपली गोष्ट मोकळेपणानं कुणापाशी सांगता येईल, ते मनात आणा आणि मग मुलीला उत्तर द्या.