काचेतले चक्रवाढ व्याज

ज्याने उभी नोकरी व्याजाच्या कोष्टकांत काढली, त्याला चक्रवाढीचे नवल उरत नाही. पण तेच कोष्टक काचेच्या लादीत मांडलेले कळले, आणि माझ्यासारखा निवृत्त बँक अधिकारीही थक्क झाला.

ही साधी काच नव्हे. तिच्यात निओडिमियम हे मूलद्रव्य मिसळलेले असते. दिव्यांचा प्रखर झोत पडला की त्याचे अणू ऊर्जा साठवतात, तीही सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षा कमी काळ. तेवढ्यात लेसरचा क्षीण किरण आत शिरला, तर ही ठेव ते त्याच्या स्वाधीन करतात. वाढलेला किरण पुढे आणखी वाढतो. चक्रवाढच ही!

पण दर चुकला तर? सेंटिमीटरला ५ टक्के वाढ धरली, तर १०० सेंटिमीटरमध्ये किरण सुमारे १३१ पट होतो. ४ टक्के धरली, तर जेमतेम ५० पट. म्हणून आधी अंदाज हवा. त्याची रीत १९६२ मध्ये जड आणि ओफेल्ट या दोघांनी स्वतंत्रपणे दाखवली. काचेचा लहानसा तुकडा कोणता प्रकाश किती शोषतो ते मोजायचे. तो किती जोमाने परत देईल, हे त्यावरून गणिताने निघते.

कर्जदाराचा प्रकल्प अहवाल कितीही देखणा असो, आम्ही कारखान्याच्या दारात जाऊन येत असू. शास्त्रज्ञही तेच करतात. अणू ऊर्जा प्रत्यक्षात किती काळ धरून ठेवतात, ते मोजतात. काचेत ओलाव्याचा अंश राहिला किंवा निओडिमियमची दाटी झाली, तर ऊर्जा उष्णतेच्या वाटेने गळते. गणितातला काळ आणि मोजलेला काळ यांतली तफावत ही गळती उघड करते. शेवटी मोजून किरण आत सोडायचा आणि बाहेर किती आला ते पाहायचे. हाच ताळा.

कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोर प्रयोगशाळेत अशा सुमारे ३,००० लाद्या १९२ किरणांना बळ देतात. ५ डिसेंबर २०२२ रोजी त्यांनी लक्ष्यावर २.०५ मेगाज्यूल ऊर्जा टाकली आणि हायड्रोजनच्या संमीलनातून ३.१५ मेगाज्यूल मिळवली. असे प्रथमच घडले. जगाने टाळ्या वाजवल्या, त्या योग्यच होत्या. पण खर्चाचा दुसरा रकानाही वाचावा. लेसर चालवायला सुमारे ३०० मेगाज्यूल वीज लागली होती.

अंदाजाशिवाय कोणी पाऊल टाकत नाही, आणि मोजल्याशिवाय ते कुठे पडले ते कळत नाही. महिन्याचा खर्च आधी मांडून तीस तारखेला डबा उघडून पाहणाऱ्या गृहिणीला हे वेगळे सांगायला नको.