मोठेबाबांची सरकी

आमच्या मोठेबाबांनी उभा जन्म केळापूर तालुक्यातल्या काळ्या रानात कापूस पिकवला. ते जाऊन काही वर्षं झाली, पण त्यांची आठवण निघाली की मला आधी त्यांची सरकी आठवते. मधल्या फांद्यांवरची टपोरी बोंडं ते वेचणीतच वेगळी काढत. त्यांची सरकी घरात जपून ठेवायची आणि पेरणीआधी शेण-राखेत चोळायची, म्हणजे वरचे तंतू बसतात, दाणे एकमेकांना चिकटत नाहीत आणि सरत्यातून सुटे पडतात. बियाणं विकत आणायची वस्तू आहे, असं त्या घरात कुणाला वाटत नव्हतं.

१९७० साली सुरतच्या संशोधन केंद्रातून एच-४ हे संकरित वाण निघालं. पुढे ते आमच्याकडेही पोचलं. मोठेबाबांनी लावलं, बोंडांनी झाडं वाकली. पण त्याची सरकी पेरून दुसऱ्या वर्षी तसं पीक येत नाही. दर मृगाला नवं पाकीट आलं आणि पाकिटासोबत कृषी केंद्राची उधारीही.

१९७२ साली राज्यात कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली, म्हणजे कापूस सरकारी योजनेलाच विकायचा. संकलन केंद्रावर गाड्यांची रांग लागायची, बैलांचा कडबा सोबत घेऊन तिथंच मुक्काम करावा लागायचा. ग्रेडरनं प्रत खाली धरली की वर्षाची मेहनत उतरायची. चुकारे रखडायचे. आदिलाबादकडे भाव चढा असला की रात्रीतून गाड्या सीमेपार जायच्या. एवढं सगळं असूनही मी त्या योजनेला सरसकट नावं ठेवू शकत नाही. गाडी जुंपताना मोठेबाबांना हमीचा भाव ठाऊक असायचा. पुढे खासगी बाजारात तेवढंही उरलं नाही.

२००२ मध्ये बोंडअळीला आवरणाऱ्या बीटी कपाशीला परवानगी मिळाली. शेत चुलतभावाच्या हाती गेलं होतं. त्यानं रान बीटीला दिलं. ज्वारी बंद झाली, म्हणून कडबा संपला. कडबा नाही म्हणून बैल विकले. तुरीचं तास मात्र मोठेबाबांनी मोडू दिलं नाही. कपाशी बुडाली तरी घरात डाळ राहते, हा त्यांचा हिशेब होता आणि तो अनेकदा खरा ठरला.

मग २०१७ आलं. बीटीला न जुमानणारी गुलाबी बोंडअळी बोंडात शिरली. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती, फवारा थेट तोंडावर यायचा. जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. थकलेले मोठेबाबा काठी टेकत धुऱ्यावर येऊन बसले आणि उन्हं चढल्यावर एकाही मजुराला पंप पाठीवर घेऊ देईनात. ‘‘अळी वाढून राहिली, बाबा!’’ भाऊ वैतागून म्हणाला. ‘‘वाढू दे,’’ ते म्हणाले. ‘‘त्याच्या घरी लेकरं आहेत.’’ त्या हंगामात आमचा कापूस निम्म्यावर आला.