बूट त्याच मशीनवर

सकाळी 10. भोसरी एमआयडीसीतलं पत्राकामाचं वर्कशॉप. पंचिंग मशीन एका 486 कॉम्प्युटरवर चालतं आणि त्याची हार्ड डिस्क कुरकुरायला लागलीय. नवा पीसी घेऊन भागत नाही. मशीनचं कंट्रोल कार्ड आयएसए स्लॉटमध्ये बसतं आणि आजच्या मदरबोर्डवर तो स्लॉटच नसतो. कॅबिनेट उघडण्याआधी बायोसमधले डिस्कचे आकडे उतरवून घेतले: सिलिंडर 685, हेड 16, सेक्टर 38. मग ब्लोअर. तेलात मुरलेली धूळ सहजी निघत नाही.

11. शेठ म्हणाले, "सर, फाइली पेनड्राइव्हवर घ्या की. अर्ध्या तासाचं काम." पण डिस्क नुसत्या फाइलींवर बूट होत नाही. बायोस आधी पहिला 512 बाइटचा सेक्टर वाचतो, त्याच्या शेवटी 55 एए ही खूण बघतो, आणि पुढचा रस्ता तोच सेक्टर दाखवतो. म्हणून अख्ख्या डिस्कची इमेज. लिनक्सच्या लॅपटॉपवर डीडीरेस्क्यू लावलं. ते चांगले सेक्टर आधी उचलतं, खराब जागांकडे मागाहून वळतं. डिस्क जेमतेम 210 एमबीची, तरी शेवटच्या खराब तुकड्यांनी दुपार केली.

अडीच. इमेज कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डावर उतरवली. साध्या अडॅप्टरवर हे कार्ड आयडीई डिस्कसारखं चालतं. बायोसने ते ऑटो डिटेक्टमध्ये ओळखलंही. पण पुढे 'मिसिंग ऑपरेटिंग सिस्टिम'. हे होणारच होतं. कार्ड दर ट्रॅकला 63 सेक्टर सांगतं, जुनी डिस्क 38 सांगायची. बूट सेक्टरमधला हिशोब जुन्या मापाचा, त्यामुळे तो भलत्याच जागी शोधत बसतो.

4. म्हणजे कार्ड याच मशीनवर नव्याने तयार करायचं, आणि त्यासाठी बूट फ्लॉपी. 80 ट्रॅक, 2 बाजू, 18 सेक्टर, 512 बाइट: फ्लॉपीची इमेज बरोबर 14,74,560 बाइटची. सोनीनेही 2011 मध्ये फ्लॉपी विकणं थांबवलं. चांगली फ्लॉपी आता जुन्या साठ्यातच मिळते. डिस्कवर होतं तेच एमएस-डॉस 6.22 फ्लॉपीवर घेतलं. एफडिस्कने कार्डावर पार्टिशन पाडलं, अ‍ॅक्टिव्ह केलं, मग फॉरमॅट 'स्लॅश एस'सकट. आता मापं याच मशीनच्या बायोसची. नंतर कार्ड लॅपटॉपला लावून इमेजमधल्या फाइली त्यावर ओतल्या. म्हणजे शेठ अर्धे बरोबरच होते.

6. मशीनचा मेनू आला. ऑपरेटरने भंगारातल्या पत्र्यावर चार भोकं पाडून व्हर्नियर लावला आणि मान हलवली. इमेजची एक प्रत शेठना दिली, एक माझ्याकडे. बायोसचा सेल बदलला, कार्डाचे नवे आकडे कॅबिनेटच्या आतून मार्करने लिहिले.