शंभर कशाचे?

लासलगावच्या परिसरात एप्रिल-मे महिन्यांत काढलेला उन्हाळ कांदा बराचसा लगेच बाजार समितीत न जाता कांदाचाळीत, म्हणजे खालून व बाजूंनी वारा खेळेल अशा लांबट साठवणघरात, भावाची वाट पाहत राहतो. या मुक्कामात पाणी उडून, काही कांदा सडून आणि काहीला कोंब फुटून येणारी घट टक्क्यांत सांगितली जाते; त्यामुळे शालेय शेकडेवारीतील ‘मूळ रक्कम काढा’ हे विद्यार्थ्यांना हमखास चकवणारे उदाहरण तेथे दरवर्षी प्रत्यक्ष उभे राहते.

समजा, घट २५ टक्के आली आणि चाळीतून ९० क्विंटल कांदा निघाला, तर भरताना तो किती होता? ९० चे २५ टक्के, म्हणजे साडेबावीस, काढून ते ९० मध्ये मिळवण्याचा मोह होतो. परंतु ते २५ टक्के भरलेल्या मालाचे होते, उरलेल्या मालाचे नव्हे. उरलेला माल मूळ मालाचा ७५ टक्के असल्याने ९० ला ७५ ने भागून १०० ने गुणावे लागते आणि १२० क्विंटल हे उत्तर येते. भावाचे गणितही असेच आहे: भरताना क्विंटलला १५०० रुपये भाव असेल, तर चाळीचा व मजुरीचा खर्च हिशेबात न धरताही तेवढीच रक्कम हाती येण्यासाठी भाव २००० व्हावा लागतो. घट पाव हिश्श्याची, भाववाढ मात्र एक तृतीयांशाची.

या विषमतेचा नियम भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, इ. स. ११५० च्या सुमारास, विलोमविधीत आला आहे. विलोमविधी म्हणजे उत्तरापासून उलट चालत मूळ संख्येपर्यंत जाणे. गुणाकाराच्या जागी भागाकार आणि बेरजेच्या जागी वजाबाकी करीत जाणे. संख्येत तिचाच काही अंश मिळवला वा वजा केला असेल, तर अंश तसाच ठेवून छेदात तो अनुक्रमे मिळवावा किंवा त्यातून वजा करावा आणि मग उलट क्रिया करावी, असे तो नियम सांगतो. पाव हिस्सा घटला असेल तर छेद ४ चा ३ होतो, म्हणून उरलेल्यात त्याचाच तिसरा हिस्सा मिळवायचा. नाशिक जिल्ह्याला लागून असलेल्या चाळीसगाव तालुक्यातील पाटण येथे भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला, ही नोंद तेथील १२०७ च्या शिलालेखात आहे.

आजच्या पावतीवरही हा नियम चालतो. ५ टक्के जीएसटी, म्हणजे मूळ किमतीचा विसावा भाग, धरून येवल्याच्या पैठणीचे २१,००० रुपये झाले असतील, तर २० चे २१ होतात, एकविसावा भाग वजा होतो आणि करापूर्वीची किंमत नेमकी २०,००० निघते. पाच टक्केच वजा करणाऱ्याला १९,९५० मिळतात. फरक पन्नासच रुपयांचा असल्याने चूक सहसा लक्षात येत नाही.

द्राक्षांचा बेदाणा होताना मात्र प्रश्न अधिक अवघड होतो. द्राक्षात पाणी ८० टक्के आणि बेदाण्यात १५ टक्के धरले, तर ही दोन शंभरे वेगवेगळ्या वजनांची असतात आणि त्यांची वजाबाकी निरर्थक ठरते; वाळताना पाणी उडाले तरी पाण्याव्यतिरिक्तचा घन भाग तेवढाच राहतो, एवढाच काय तो आधार. १०० किलो बेदाण्यातील तो ८५ किलोंचा भाग द्राक्षाच्या वजनाचा २० टक्के होता, म्हणून द्राक्षे ४२५ किलो लागली.