अक्षराआधी हात

शाळाप्रवेशाचे दिवस जवळ आले की व्यापारी कुटुंबांतून एक चिंता हमखास ऐकू येते : चार वर्षांचे पोर, अजून ‘अ’ काढता येत नाही. मग दुकान बंद करून आलेले वडील रात्री नऊ वाजता पाटी घेऊन बसतात, लहानग्याचा हात आपल्या मुठीत धरून तीच रेघ वीस वेळा गिरवून घेतात, आणि अखेरीस दोघेही रडकुंडीला येतात. लेखनाविषयी मुलाच्या मनात अढी बसते ती बहुधा याच घटकेला.

‘अ’ हे वर्णमालेतील पहिले अक्षर खरे. हाताला मात्र ते पहिले नव्हे. दोन अर्धगोल, मधली जोडरेघ, उभा दंड आणि माथ्यावर शिरोरेषा, एवढा त्याचा व्याप! म्हणून जाणत्या बालवाडी-शिक्षिका ‘ग, म, न’ या सोप्या गटापासून आरंभ करतात. त्यानंतर ‘व, ब, क’. उभ्या दंडाला गोल जोडला की ‘व’. त्याच्या पोटात तिरकी रेघ दिली की ‘ब’. दंडापलीकडे वळण काढले की ‘क’. व्यापाऱ्याच्या भाषेत, एकाच भांडवलावर तिप्पट माल.

पण त्याहीआधी बोटांची तयारी हवी. मटाराच्या शेंगा सोलणे, कणकेच्या गोळ्या वळणे, मणी ओवणे, दोरीवर चिमटे लावणे ही कामे आजीच्या हाताखाली सहज होतात. रांगोळीची चिमूट तर विशेष मोलाची, कारण अंगठा आणि दोन बोटे यांची जी पकड तेथे लागते तीच पुढे पेन्सिलीला लागते. पूर्वीच्या शाळांतील धूळपाटीचे मर्मही हेच होते : बोटाने लिहावे, चुकले तर हात फिरवून पुसावे. आज ताटात पसरलेला रवा तेच काम करतो.

मारिया मॉन्टेसरी यांनी 1907 मध्ये रोम येथे बालगृह उघडले. त्यांच्या पद्धतीत खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून मूल बोटे फिरवीत असे व तोंडाने त्याचा उच्चार करीत असे. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी ही दृष्टी आपल्याकडे रुजविली. ताराबाईंनी 1945 मध्ये बोर्डी येथे सुरू केलेल्या कार्यात महागड्या साधनांच्या जागी परिसरातील साध्या वस्तू आल्या. घरी पुठ्ठ्यावर डिंकाने रवा चिकटवून असे अक्षर सहज तयार होते.

घरातील वडीलधाऱ्यांच्या लिप्या वेगळ्या असतील तर एक गोष्ट जपावी. गुजरातीत शिरोरेषा नाही. मोडीत ती आधी आखून अक्षरे खाली लिहीत. बालबोध मराठीत अक्षर आधी, शिरोरेषा शेवटी. आजोबा एक सांगतात आणि बाई दुसरे, असे झाले की मूल गोंधळते. ‘ल’ आणि ‘श’ यांचेही तसेच. मराठीचा पाकळीचा ‘ल’ व देठाचा ‘श’ शासनाने 2009 च्या निर्णयात प्रमाण मानला, तरी मोबाईलवर बहुधा हिंदी वळण दिसते. प्रारंभी एकच वळण दाखवावे.

अक्षर उलटे निघाले तर घाबरू नये. सहा-सात वर्षांपर्यंत हे पुष्कळ मुलांत आढळते व बहुधा आपोआप सरते. दहा मिनिटांहून अधिक लेखन नको; पेन्सिलही आखूड बरी, ती लहान मुठीत स्थिर राहते.

डावखुऱ्या मुलांचे हाल अद्याप थांबलेले नाहीत. वहीपूजनाच्या दिवशी डाव्या हाताने ‘श्री’ काढू पाहणाऱ्या नातवाला अडविणारे हात आजही दिसतात. वास्तविक भगवान ऋषभदेवांनी ब्राह्मीला उजव्या हाताने लिपी आणि सुंदरीला डाव्या हाताने अंक शिकविले, अशी कथा परंपरेतच सांगितली जाते! अशा मुलाचा हात बदलू नये. कागद किंचित डावीकडे सरकवून उजवीकडे कलता ठेवावा आणि पेन्सिल टोकापासून थोडी वर धरू द्यावी, म्हणजे लिहिलेले अक्षर त्याच्याच हाताखाली झाकले जात नाही.