प्रयोगशाळेतली लस गरिबाच्या बाळापर्यंत कशी आली?

जुलाबाने बाळाचे डोळे खोल गेले, टाळू बसली, की घरातल्या आजीच्या पोटात गोळा येतो. आपल्या वस्त्यांना हे नवे नाही. लहान मुलांच्या तीव्र जुलाबामागे पुष्कळदा रोटा नावाचा विषाणू असतो. स्वच्छता पाळणाऱ्या घरातही तो शिरतो, म्हणून लस लागते. ही लस आपल्या देशात कशी तयार झाली, ते आम्ही आज मुद्दाम सांगत आहोत. कारण मोठ्या संस्थांतले संशोधन बाजारात जाते तेव्हा ते कोणाच्या उपयोगी पडते, हे आपणही विचारले पाहिजे.

१९८५-८६ च्या सुमारास दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. महाराज किशन भान व त्यांच्या सहकाऱ्यांना एक नवल दिसले. काही नवजात बाळांना रोटाची लागण झाली होती, पण जुलाब नव्हते. पुढेही या बाळांना तीव्र आजारापासून संरक्षण मिळत होते. त्यांच्यातील सौम्य विषाणूला '११६ई' हे नाव मिळाले.

शोध लागला, पण त्याची लस व्हायला सुमारे तीस वर्षे गेली. लाखो मात्रा एकसारख्या बनवणे व हजारो बालकांवर चाचणी घेणे एकट्या संस्थेला झेपणारे नव्हते. भारत सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग, अमेरिकेतील शास्त्रज्ञ आणि देणगीदार संस्था यांनी हातभार लावला. उत्पादन हैदराबादच्या भारत बायोटेक कंपनीने केले आणि सरकारला एक मात्रा एका डॉलरला देण्याचे कबूल केले. परदेशी कंपन्यांच्या लसी तेव्हा बाजारात होत्या, पण गरिबाच्या खिशाला त्या परवडत नव्हत्या. जनतेचा पैसा ओतलेल्या संशोधनाची किंमत अशी आधीच ठरवून घेता येते, हे यातून दिसले.

दिल्ली, पुणे आणि वेल्लोर येथे गरीब वस्त्यांतील व खेड्यांतील ६,७९९ बालकांवर चाचणी झाली. दोघांना लस, तर तिसऱ्याला लस नसलेले नुसते थेंब दिले गेले. दुसऱ्या लसी उपलब्ध असताना असे का केले, हा प्रश्न तेव्हा उठला, आणि आम्हांला तो रास्त वाटतो. २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पहिल्या वर्षी रोटाचे तीव्र जुलाब निम्म्याहून अधिक कमी झाले होते.

२०१६ साली चार राज्यांत रोटाची लस सरकारी लसीकरणात आली आणि २०१९ अखेर देशभर पोहोचली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लसही या कार्यक्रमात आली.

माता-भगिनींनो, ही लस तोंडावाटे देतात. वेळ आहे बाळाच्या सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात. सरकारी केंद्रात पैसे पडत नाहीत. आशाताईंना विचारा, कार्डावर नोंद करून घ्या. लसीने सगळेच जुलाब थांबत नाहीत. जुलाब झाल्यास अंगावरचे दूध चालू ठेवा, ओआरएस पाजा आणि बाळ मलूल दिसताच दवाखाना गाठा. ज्या मुलांवर चाचणी झाली ती आपल्यासारख्याच घरांतली होती. तेव्हा या लसीचा लाभ आपल्या घरातून सुटता कामा नये.