शून्य टक्के? छे, ६३ टीएमसी!

उजनी धरण 'शून्य टक्क्यांवर' आलं, अशी बातमी येते तेव्हा धरणात किती साठा असतो, माहीत आहे का? कागदावर तब्बल ६३ टीएमसी! (गाळानं खाल्लेली जागा त्यातून वजा करा.) पुण्याची तहान भागवणारी खडकवासला साखळीतली चारही धरणं काठोकाठ भरली, तरी होतात जेमतेम २९.

टक्के मोजतात ते फक्त वरच्या ५३ टीएमसी उपयुक्त साठ्याचे. खालच्या मृत साठ्याला हात लागला की आकडा थेट मायनसमध्ये! २०२४च्या उन्हाळ्यात उजनी उणे ५०च्याही खाली गेली. अशा वर्षी पळसदेवचं बुडालेलं जुनं मंदिर डोकं वर काढतं.

आता उलटी बाजू. उजनीतून भीमेत एक लाख क्युसेक विसर्ग, म्हणजे दिवसाला साडेआठ टीएमसीहून जास्त. पंढरपूरच्या वाळवंटात पाणीच पाणी! धरण लवकर फुल्ल केलं तर पुढचा पूर झेलायला जागा नाही. जागा राखली आणि पाऊस रुसला, तर रब्बीचं आवर्तन धोक्यात. राज्यातलं सगळ्यात टेन्शनवालं काम हेच, माझं ठाम मत!

राधानगरीला मात्र नो टेन्शन. शाहू महाराजांच्या या धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित. पाणी ठरलेल्या पातळीला टेकलं की उघडतात, उतरलं की मिटतात. एका दरवाजातून १,४२८ क्युसेक, आणि कोल्हापूरकरांची नजर पंचगंगेवर!

कोयनेचं पाणी दोन समुद्रांना जातं, माहीत आहे का? पोफळीकडे वळवलेलं पाणी वीज करून वाशिष्ठीमार्गे अरबी समुद्रात. पायथा वीजगृहातून सोडलेलं कृष्णेत, म्हणजे पूर्वेकडे. उन्हाळ्यात सांगलीकडचे ताकारी, टेंभू, म्हैसाळचे पंप याच पाण्याची वाट पाहतात.

कालव्यावर पाणी आधी कोणाला? शेजपाळीचा नियम सांगतो: टेलपासून सुरुवात, हेडवाला शेवटी. टेलच्या शेतकऱ्याला विचारा, नियम आणि पाणी यांत किती अंतर असतं!

आणि विहिरी? आवर्तन सुटलं की कालव्याकाठच्या विहिरींचे पाझर वाढतात. कालवा कच्चा, विहीर पक्की! म्हणूनच नीरा कालव्याच्या काँक्रीट अस्तरीकरणाला बारामती-इंदापूरकडच्या शेतकऱ्यांनी विरोध केला. सरकारी हिशेबात जी गळती, ती त्यांच्या मोटारीचं पाणी.